विश्लेषण : कोकणच्या खाऱ्या हवेत परवान्याची शस्त्रे का गंजतात?

किनाऱ्यावरच्या गावांत खिडकीचे गज, छपराचे पत्रे, दुचाकीची चेन यांतले काहीच फार दिवस टिकत नाही. परवान्याचे रिव्हॉल्व्हर आणि शेतसंरक्षणाची बंदूकही त्याला अपवाद नाही. त्यातच निवडणुका आल्या की ही शस्त्रे काही महिने पोलीस ठाण्यात जमा होतात. या काळात चढणाऱ्या गंजाचे शास्त्र काय, स्वस्त शस्त्र लवकर का खराब होते आणि त्याची जबाबदारी कोणाची, याचा आढावा.

जयगडसारख्या गावांत हा प्रश्न का?

रत्नागिरी तालुक्यात शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे जयगड आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र आणि मध्ये जांभ्याचा कातळ. या जांभ्याचा तांबूस रंग हाही एका अर्थी गंजच. खडकातल्या लोहाचे हजारो वर्षे ऑक्सिडीकरण होत गेले आणि त्यातून हा दगड तयार झाला. जी हवा आणि जो पाऊस खडकाचे असे करतात, ते कपाटातल्या पोलादाला सोडतील, ही अपेक्षाच चुकीची.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळात हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. लाटा फुटताना उडणारे खारे तुषार वाऱ्याबरोबर घरात शिरतात. जयगडला बंदर आहे, १२०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. तिथल्या क्रेन, पाइप, मनोरे यांवर रंगाचे किती थर द्यायचे आणि ते पुन्हा कधी द्यायचे, याचे वेळापत्रक अभियंते आखतात. मच्छीमारही होडीच्या लोखंडी भागांना जस्ताच्या वड्या लावतो, म्हणजे आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. घरातल्या शस्त्राचे मात्र असे कोणतेही वेळापत्रक नसते. परवाना नूतनीकरणाची वेळ आली किंवा रानडुक्कर शेतात शिरले, की मगच ते बाहेर निघते.

कोकणात परवान्याची शस्त्रे कोणती?

ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला शेतसंरक्षणाच्या बंदुकांचा. यात ठासणीची बंदूक आणि बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी बंदूक येते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला वाटल्यास दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवानाही देता येतो. आंबा, काजू, नारळ, भात या पिकांना वानर आणि रानडुकरांचा उपद्रव असल्याने कोकणात अशा बंदुका पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. अर्थात बंदुकीचा परवाना असला म्हणून प्राणी मारण्याची मुभा मिळत नाही. त्यासाठी वन्यजीव कायद्याखालची परवानगी वेगळी लागते.

दुसरा प्रकार स्वसंरक्षणासाठीच्या आखूड शस्त्रांचा, म्हणजे रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल. व्यापारी, बागायतदार, ठेकेदार, निवृत्त जवान अशांकडे ती असतात. सर्वसामान्य परवानाधारकाला लष्करी ९ मिलिमीटरचे पिस्तूल मिळत नाही, कारण ती ‘प्रतिबंधित बोअर’ आहे. त्यामुळे बहुतेकांची निवड .३२ बोअरवर येऊन थांबते. खासगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद झाल्यासारखीच आहे. परिणामी जुन्या परदेशी शस्त्रांच्या किमती गगनाला भिडल्या आणि सामान्य ग्राहकासाठी देशी कारखान्यांतली शस्त्रेच उरली. रिव्हॉल्व्हरसाठी कानपूर आणि पिस्तुलासाठी पश्चिम बंगालमधील ईशापूर ही त्यांतली जुनी नावे. अलीकडे उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात ‘वेब्ली अँड स्कॉट’ या ब्रिटिश नावाने खासगी उत्पादनही सुरू झाले आहे.

म्हणजे अमेरिकेत ‘बजेट’ शस्त्र याचा जो अर्थ होतो तो आपल्याकडे लागू होत नाही. तिथे ग्राहकाला पन्नास पर्याय असतात. इथे लाखाच्या घरात पैसे मोजूनही पर्याय मोजकेच. त्यामुळे हाती आहे ते टिकवणे हाच मुख्य प्रश्न ठरतो.

गंज नेमका कसा चढतो?

गंज लागणे ही रासायनिक आणि विद्युत अशी दुहेरी क्रिया आहे. पोलादावर पाण्याचा एक थेंब पडला की तिथे जणू छोटी बॅटरी तयार होते. थेंबाच्या मध्यभागी लोखंड विरघळू लागते आणि इलेक्ट्रॉन सुटतात. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोहोचतो, तो हे इलेक्ट्रॉन घेतो. मधल्या भागात लोखंड आणि पाणी यांच्यापासून तपकिरी गंज तयार होतो. साध्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, त्यामुळे ही क्रिया रेंगाळते. त्यात मीठ मिसळले की वीज सहज वाहते आणि क्रिया कित्येक पटींनी वेगवान होते.

मिठाचा दुसरा गुण अधिक घातक आहे. ते हवेतले पाणी ओढून घेते. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाघळते. पावसाळ्यात घरातले मीठ बरणीत ओले होते ते यामुळेच. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते अवघ्या ३३ टक्के आर्द्रतेतही पाणी ओढते. कोकणात आर्द्रता इतकी खाली क्वचितच जाते. म्हणून पोलादावर एकदा समुद्राच्या खारेपणाचा थर बसला की तो पृष्ठभाग उन्हाळ्यातही सूक्ष्म पातळीवर ओलाच राहतो. डोळ्यांना कोरडे दिसणारे शस्त्र प्रत्यक्षात कोरडे नसते.

तिसरी गोष्ट म्हणजे घाम. त्यातही मीठ असते. कमरेला लावलेल्या रिव्हॉल्व्हरला शरीराची उष्णता, घाम आणि चामड्यातला ओलावा असा तिहेरी मारा सोसावा लागतो. बंदुकीपेक्षा आखूड शस्त्रे अनेकदा लवकर गंजतात त्यामागे हेही कारण आहे. हाताळून झाल्यावर न पुसता ठेवलेल्या पोलादावर काही दिवसांतच बोटांच्या ठशांच्या आकाराचे डाग उमटलेले दिसतात.

या हवेची तीव्रता मोजता येते का?

येते. हवेच्या गंजकारकतेची वर्गवारी करणारे ‘आयएसओ ९२२३’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पृष्ठभाग किती वेळ ओला राहतो, हवेतून किती क्षार बसतात आणि सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण किती, यांवरून ‘सी-१’ ते ‘सी-५’ आणि त्याही पलीकडे ‘सी-एक्स’ असे वर्ग पाडले जातात. उघड्यावर ठेवलेले साधे पोलाद पहिल्या वर्षात ‘सी-३’ वर्गाच्या हवेत २५ ते ५० मायक्रोमीटर झिजते. ‘सी-५’ वर्गात हेच प्रमाण ८० ते २०० मायक्रोमीटरवर जाते. उष्ण आणि दमट प्रदेशातील समुद्रकिनारे मानकातील वर्णनानुसार वरच्या वर्गांत मोडतात. भारतात या विषयाचा अभ्यास तमिळनाडूतील कराईकुडी येथील केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्था करते. देशाचा गंज-नकाशाही याच संस्थेने तयार केला आहे.

हे आकडे उघड्या पोलादाचे आहेत, कपाटातल्या शस्त्राचे नव्हेत. तरीही त्यातून एक अंदाज येतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाडीचा असतो. पारंपरिक काळसर-निळ्या मुलाम्याची जाडी असते एक-दोन मायक्रोमीटर. म्हणजे केसाच्या जाडीचा फार तर पस्तिसावा भाग. तेवढ्या थरावर भिस्त ठेवून शस्त्र किनाऱ्यावर वर्षानुवर्षे ठेवले जाते.

स्वस्त शस्त्र लवकर का खराब होते?

फरक बहुतेक वेळा पोलादात कमी आणि मुलाम्यात जास्त असतो. काळसर-निळा मुलामा, ज्याला ‘ब्लूइंग’ म्हणतात, तो म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम तयार केलेला काळा लोह ऑक्साइड. तो दिसायला सुरेख आणि करायला स्वस्त, पण सच्छिद्र असतो. त्याचे खरे काम तेल धरून ठेवण्याचे. तेल उडून गेले की संरक्षणही गेले.

फॉस्फेटचा राखाडी मुलामा याहून जाड असतो आणि तेल अधिक धरतो, म्हणून लष्करी शस्त्रांवर तो फार वापरला गेला. निकेलचा मुलामा चकचकीत आणि टिकाऊ, पण त्यात एक मेख आहे. त्यात टाचणीच्या टोकाएवढे छिद्र राहिले, तर त्या छिद्राखालचे पोलाद एकटे सगळा मारा झेलते आणि गंज आतल्या आत पसरतो. वरून शस्त्र चकाकत राहते आणि एक दिवस मुलाम्याची सालपटे निघू लागतात. कठीण क्रोमचा थर घर्षणाला उत्तम, पण त्यातही सूक्ष्म भेगा असतात. पोलादाच्या पृष्ठभागात उष्णतेने नायट्रोजन मुरवण्याची ‘नायट्रायडिंग’ प्रक्रिया अधिक भरवशाची मानली जाते. तिथे वेगळा थर चढवलेला नसतो, पृष्ठभागच बदललेला असतो. त्यामुळे सालपट निघण्याचा प्रश्न येत नाही.

खर्चातली बचत मुलाम्याइतकीच न दिसणाऱ्या जागी होते. बाहेरून चकचकीत केलेल्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीखालचा भाग, फिरत्या चकतीचा आस, घोड्यामागची स्प्रिंग, पिस्तुलाच्या मॅगझिनमधली स्प्रिंग हे भाग अनेकदा साध्या पोलादाचे असतात. त्यांना कडक मुलामा नसतो आणि तिथे कापडही पोहोचत नाही. गंज तिथूनच सुरू होतो. स्प्रिंगला तर गंजाचा एक बारीक खड्डाही पुरेसा असतो. वारंवार ताण पडला की भेग त्या खड्ड्यापासूनच वाढत जाते आणि स्प्रिंग तुटते.

मग स्टेनलेस किंवा टायटॅनियम हे उत्तर आहे का?

काही प्रमाणात. १९६५ मध्ये अमेरिकेतील ‘स्मिथ अँड वेसन’ने ‘मॉडेल ६०’ हे स्टेनलेस पोलादाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. अशा पोलादातले ते पहिले नियमित उत्पादन मानले जाते. अंगावर, घामात वागवल्या जाणाऱ्या शस्त्रांसाठी ते सोयीचे ठरले. पण ‘स्टेनलेस’ म्हणजे कधीच न गंजणारे नव्हे.

याचा पडताळा स्वयंपाकघरातच घेता येतो. स्टीलच्या डब्याला किंवा तांब्याला लोहचुंबक सहसा चिकटत नाही, सुरीला मात्र चिकटतो. कोळंबी साफ करून सुरी तशीच ओली ठेवली की तिच्यावर तपकिरी ठिपके येतात, तांब्यावर येत नाहीत. कारण दोन्ही स्टेनलेस असले तरी जाती वेगळ्या. डब्याच्या पोलादात क्रोमियमबरोबर निकेलही भरपूर असते, पण ते सुरीइतके कडक होत नाही. सुरी आणि शस्त्र दोघांनाही कडकपणा हवा असतो, म्हणून त्यांत क्रोमियम १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास असलेले आणि उष्णता देऊन कडक करता येणारे पोलाद वापरतात. मिठातले क्लोराइड या पोलादावर सगळीकडे एकसारखा गंज चढवत नाही, तर टोकदार खड्डे पाडते. ते लवकर दिसत नाहीत.

टायटॅनियम खाऱ्या हवेला खरोखरच दाद देत नाही. २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने महिलांसाठी म्हणून आणलेल्या ‘निर्भीक’ या .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये टायटॅनियम मिश्रधातू वापरल्याचे सांगण्यात आले होते. वजन सुमारे ५०० ग्रॅम आणि तेव्हाची किंमत १ लाख २२ हजार रुपये. किमतीवरूनच मोठी टीका झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या सरकारी कंपनीने ‘प्रबल’ हे रिव्हॉल्व्हर आणले. त्याची फिरती चकती बाजूला उघडते. जुन्या पद्धतीची रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडावी लागत. चकती बाजूला आली की तिची सहाही छिद्रे साफ करणे आणि पुसणे सोपे जाते. गंजाच्या दृष्टीने ही छोटी सोय मोठी आहे.

पॉलिमरची चौकट असलेली पिस्तुले १९८२ मधील ‘ग्लॉक १७’नंतर जगभर रूढ झाली. प्लास्टिकला गंज चढत नाही हे खरे, पण नळी, सरकता भाग, पिना आणि स्प्रिंगा पोलादाच्याच असतात. अ‍ॅल्युमिनियमची चौकट असेल तर नवी अडचण येते. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की त्यांतला एक लवकर झिजतो. होडीला लावलेल्या जस्ताच्या वडीचे तत्त्व इथे उलटे भोवते.

जाहिरातीतल्या ‘अमुक तास’ या दाव्याचा अर्थ काय?

परदेशी शस्त्रांच्या जाहिरातींत ‘मीठ-फवारा चाचणीत इतके तास टिकले’ असा दावा असतो. ही चाचणी बहुधा ‘एएसटीएम बी ११७’ या मानकानुसार होते. बंद पेटीत ३५ अंश सेल्सिअस तापमानाला ५ टक्के मिठाच्या पाण्याचे धुके सतत सोडले जाते. दोन मुलाम्यांची तुलना करण्यासाठी किंवा कारखान्यातला माल एकसारखा निघतो आहे का हे पाहण्यासाठी ती उपयोगी पडते.

मात्र चाचणीतले तास म्हणजे कोकणातले महिने, असे गणित मांडता येत नाही. प्रत्यक्षात शस्त्र ओले होते, वाळते, पुन्हा ओले होते. प्रत्येक वाळण्यात मीठ अधिक दाट होते. हाताचा घाम, चामड्यातली रसायने, मुलाम्यावर उठलेले ओरखडे यांतले काहीच त्या पेटीत नसते. त्यामुळे दाव्यातला आकडा मोठा असला तरी तो पुसण्याला आणि तेलाला पर्याय ठरत नाही.

ठासणीच्या बंदुकीचे दुखणे वेगळे का?

कारण तिच्यात गंजाचे सामान बारातूनच येते. काळ्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असतो. ती जळल्यावर मागे उरणारी काजळी पोटॅशियमच्या क्षारांनी भरलेली असते आणि हवेतले पाणी ओढते. ठिणगीसाठीच्या जुन्या धर्तीच्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असते. जळल्यावर त्यापासून जे उरते ते मिठासारखेच वागते. बार काढल्यावर रात्रभर नळी तशीच ठेवली तर सकाळपर्यंत आत गंज सुरू झालेला असतो.

हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून अशी नळी आधी गरम पाण्याने धुवून, पूर्ण वाळवून मगच तेल लावावे लागते. पोलादाला पाणी लावणे विचित्र वाटत असले तरी रसायनशास्त्र तेच सांगते. नुसते तेल लावले तर क्षार तेलाखाली दडून आपले काम करत राहतात. आधुनिक काडतुसांमध्ये ही अडचण बरीच कमी झाली आहे. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची आणि .३२ची काडतुसे बनतात. अशा काडतुसांमुळे नळीत क्षार कमी उरतात, पण हवेतला खारेपणा त्यांनाही टळत नाही. पितळेवर हिरवट कळक चढलेली काडतुसे वापरू नयेत, ती अधिकृत विक्रेत्याला दाखवावीत.

गंजलेले शस्त्र किती धोकादायक?

वरवरचा तपकिरी थर पुसला जातो आणि त्याने फारसे बिघडत नाही. धोका आहे तो नळीच्या आतल्या खड्ड्यांचा आणि अडथळ्यांचा. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. फिरती चकती, घोडा, चाप यांच्यातली फट केसाएवढी असते. तिथे गंज फुगला की भाग अडकतात. ऐन वेळी चाप न दबणे हे एक संकट आणि घोडा अर्धवट अडकून नको तेव्हा सुटणे हे त्याहून मोठे.

कोकणात आणखी एक धोका असतो तो कुंभारीण माशीचा. दोन-चार आठवडे न हलवलेल्या नळीत ती मातीचे घर बांधून मोकळी होते. अडथळा असलेल्या नळीतून बार काढला तर मागे दाब साठतो आणि नळी फुटू शकते. गंजाच्या खड्ड्यांनी भिंत आधीच पातळ झालेली असेल तर ही शक्यता वाढते.

कारखान्यात वाचवलेल्या पैशाची किंमत वापरणाऱ्याला कशी मोजावी लागते याचे जगातले गाजलेले उदाहरण व्हिएतनाम युद्धातले आहे. १९६५च्या सुमारास अमेरिकी सैनिकांना ‘एम-१६’ रायफली दिल्या गेल्या. काडतूस बसते त्या कोठडीला क्रोमचा मुलामा नव्हता, सफाईचे साहित्य पुरेसे पोहोचले नव्हते आणि काडतुसातली दारूही बदललेली होती. दमट जंगलात कोठड्या गंजल्या, रिकामी काडतुसे आतच अडकू लागली आणि सैनिक चकमकीत हतबल झाले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली. पुढच्या आवृत्तीत कोठडीला क्रोमचा मुलामा आला आणि सफाईच्या शिस्तीवर भर देण्यात आला.

निवडणूक काळात जमा शस्त्रांचे काय होते?

आचारसंहिता लागू झाली की जिल्हा प्रशासन परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याचे आदेश देते. २०२४ मध्ये महाराष्ट्रात हे दोनदा घडले. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला आला, म्हणजे सुमारे ८० दिवस. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली आणि निकाल २३ नोव्हेंबरला आला, म्हणजे सुमारे ४० दिवस. कोकणच्या पंचांगात पहिला काळ काजू आणि आंब्याचा, दुसरा भातकापणीचा. शेतसंरक्षणाच्या बंदुकीची गरज नेमकी याच दिवसांत असते. अशा बंदुका जमा करण्यातून वगळाव्यात, ही मागणी कोकणात निवडणुकांच्या काळात होत आली आहे.

कायद्याची बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. प्रत्येक परवानाधारकाचे शस्त्र सरसकट जमा करून घेणे योग्य नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. त्यानंतर निवडणूक आयोगाने छाननी समितीची पद्धत घालून दिली. जिल्हाधिकारी आणि पोलीस प्रमुखांचा समावेश असलेली ही समिती प्रत्येक प्रकरण तपासते. जामिनावर असलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेले किंवा पूर्वी दंगलीत सामील असलेले परवानाधारक यांच्यावर तिचा भर असतो. निवडणूक शांततेत पार पडावी हा हेतू रास्तच आहे. मात्र छाननी किती बारकाईने होते यावर जमा होणाऱ्या शस्त्रांची संख्या ठरते, आणि ती जितकी जास्त तितकी त्यांची निगा राखणे अवघड.

पोलीस ठाण्यातील खोली शस्त्रे सुरक्षित ठेवण्यासाठी असते, कोरडी ठेवण्यासाठी नव्हे. जमा करताना पावती मिळते. शस्त्राचा क्रमांक, प्रकार, काडतुसांची संख्या त्यावर येते. पण शस्त्राची स्थिती कशी होती, नळी स्वच्छ होती का, गंजाचे डाग होते का, याची नोंद त्या वेळी झाली नाही तर पुढे गंज ठाण्यात चढला की घरात, हे सिद्ध करता येत नाही. पोलिसांचीही इथे अडचण असते. दुसऱ्याच्या मालकीच्या शस्त्राला तेल लावायचे तर ते उघडावे लागणार, आणि त्यात काही बिघडले तर तो ठपका त्यांच्यावर. परिणामी कोणीच हात लावत नाही. उन्हाळ्याच्या उकाड्यात आत गेलेले शस्त्र मृगाच्या पावसात बाहेर येते.

परवानाधारकाला काय करता येईल?

पहिला नियम सुरक्षेचा. साफसफाईआधी शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. बाहेरून पुसणे, नळी साफ करणे, तेल लावणे ही निगा मालकाने राखायचीच असते. दुरुस्तीसाठी मात्र कायद्याने परवाना लागतो. त्यामुळे भाग घासणे, बदलणे, नवा मुलामा चढवणे ही कामे परवानाधारक दुकानातच करून घ्यावीत.

घरातले खोबरेल तेल वापरू नये. वनस्पती तेले हवेत राहून चिकट होतात, खोबरेल तर थंडीत थिजते. रॉकेलने मळ निघतो, पण ते उडून जाते आणि पोलाद उघडे पडते. शस्त्रांसाठीचे खनिज तेल पातळ हाताने लावणे पुरे. जास्त तेल हे कमी तेलाइतकेच वाईट, कारण ते झिरपून काडतुसाच्या टोपीत गेले तर काडतूस निकामी होऊ शकते.

शस्त्र चामड्याच्या म्यानात किंवा स्पंजच्या पेटीत महिनोन्‌महिने ठेवू नये, दोन्ही ओलावा धरून ठेवतात. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलची पुडी आणि कारखान्यांतील सुट्या भागांना गुंडाळतात तो गंजरोधक कागद, एवढी सोय काही शे रुपयांत होते. या कागदातून सुटणारी वाफ पोलादावर बसते आणि ओलावा दूर ठेवते. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. मात्र डबा सैल असेल तर जेल अवघ्या खोलीतले बाष्प शोषत बसते आणि निरुपयोगी ठरते. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा शस्त्र बाहेर काढून पुसावे आणि नळीतून आरपार पाहावे. हा डबा अर्थातच कुलूपबंद आणि मुलांच्या हाती न लागणारा हवा.

पोलीस ठाण्यात जमा करतानाही असेच करता येते. शस्त्र साफ करून, तेल लावून, गंजरोधक कागदात गुंडाळून द्यावे. जमा करण्याच्या दिवशीच त्याची छायाचित्रे काढावीत आणि पावतीवर स्थितीची नोंद करण्याची विनंती करावी. एरवी शस्त्र सोपवण्याची वेळ आली तर शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ मध्ये पोलीस ठाण्याबरोबरच परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याचाही पर्याय आहे. निवडणूक काळात तो चालेल का, हे त्या-त्या आदेशात काय लिहिले आहे यावर अवलंबून असते. म्हणून आदेश वाचून ठाण्यात विचारणा करणे उत्तम.

यातून पुढे काय?

२०१९च्या दुरुस्तीनंतर शस्त्र परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. त्यामुळे नूतनीकरणाच्या निमित्ताने शस्त्र बाहेर निघण्याच्या आणि कोणीतरी ते डोळ्यांखालून घालण्याच्या वेळा कमी झाल्या आहेत. किनारी तालुक्यांत दर पावसाळ्यानंतर तपासणी व्हावी, असे कोणी सुचवले तर ते वावगे ठरणार नाही. जमा शस्त्रांच्या पावतीवर ‘स्थिती’ हा एक रकाना वाढवणे आणि ठाण्यातील शस्त्रांच्या कपाटात ओलावा शोषणारी साधने ठेवणे, यांतल्या कशालाही मोठा निधी लागत नाही.

महागडा मुलामा, स्टेनलेस पोलाद, टायटॅनियम यांमुळे गंज लांबतो, टळत नाही. वापरात असलेले, रोज पुसले जाणारे साधे शस्त्र कपाटात विसरलेल्या महागड्या शस्त्राहून अधिक काळ टिकते. निवडणुकीसाठी शस्त्र जमा करताना त्याच्या निगराणीची जबाबदारीही कोणाकडे तरी लेखी सोपवली जायला हवी. ती जोवर सोपवली जात नाही तोवर दर निवडणुकीनंतर जयगडच्या शेतकऱ्याला आपली बंदूक परत घेताना आधी नळीत डोकावूनच पाहावे लागेल.